लेकीला खाण मॅनेजर व्हायचंय, पण एमबीए करून ते होता येत नाही

प्रश्न : माझी मुलगी बारावी झाली. नागपूरला मायनिंग इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल असं दिसतंय आणि तिला भूमिगत खाणीची मॅनेजर व्हायचं आहे. दीर म्हणतात, कुठलीही पदवी घे, वर एमबीए कर, कंपनी मॅनेजर करेल. एका क्लासवाल्यांनी वर्षभराचा ऑनलाइन ‘माइन मॅनेजमेंट’ डिप्लोमा सांगितलाय. घरात दोन मतं झाली आहेत. मुलीच्या जातीला खाणीत उतरू तरी देतात का? — एक आई, जुळे सोलापूर

ताई,

दिरांचं म्हणणं बँकेला किंवा कापड गिरणीला लागू पडेल, खाणीला नाही. खाणीचा मॅनेजर हे कायद्याने ठरवलेलं पद आहे. प्रत्येक खाणीला ठरावीक पात्रतेचा एक मॅनेजर असलाच पाहिजे, हे 1952 च्या खाण कायद्याने घालून दिलं आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवलं. नेमणूक मालक किंवा त्याचा एजंट करतो, पण मर्जीतला कुणीही आणून बसवता येत नाही. मला या पदातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. आणीबाणी सोडली तर सुरक्षेच्या कायदेशीर कर्तव्यांवर परिणाम होईल असा हुकूम खुद्द मालकालाही मॅनेजरला डावलून त्याच्या हाताखालच्या माणसाला देता येत नाही. ‘इथे आज काम होणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार या खुर्चीला आहे, आणि ते म्हटलं नाही तर त्याची जबाबदारीही तिचीच.

हा अधिकार पदवीने मिळत नाही, सक्षमतेच्या प्रमाणपत्राने मिळतो. ते खाण सुरक्षा महासंचालनालयाकडून, म्हणजे धनबादच्या डीजीएमएसकडून घ्यावं लागतं. पदवीनंतर खाणीत ठरावीक काळ प्रत्यक्ष काम, गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं, आणि मग परीक्षा. आधी सेकंड क्लास, नंतर फर्स्ट क्लास असं बहुतेक जण जातात. मोठ्या भूमिगत खाणीला फर्स्ट क्लासवालाच लागतो. खाणकाम, यंत्रं, सर्वेक्षण, कायदा हे विषय असतातच, पण एक अख्खा पेपर वायुवीजन, स्फोट, आग आणि खाणीत घुसणारं पाणी यांवर असतो. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसून 375 माणसं गेली. हा विषय ऑनलाइन डिप्लोम्याने शिकवून होत नाही. त्या क्लासवाल्यांना एवढंच विचारा : ‘तुमच्या कागदावर डीजीएमएस परीक्षेला बसू देतं का?’ नेमकं उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका.

इथे मुलं दोन ठिकाणी फसतात. कोळशाचं प्रमाणपत्र वेगळं, धातूच्या खाणीचं वेगळं. शिवाय ‘रिस्ट्रिक्टेड’ प्रमाणपत्र फक्त उघड्या खाणीपुरतं चालतं. आपल्याकडे खाण म्हटलं की रस्त्याकडेची खडीची खाण डोळ्यांपुढे येते, तसल्या उघड्या कामापुरतंच ते. नोकरी सोपी वाटते म्हणून पहिली काही वर्षं उघड्या खाणीत काढली, तर भूमिगत खाणीचं मॅनेजरपद लांबतं. म्हणून पहिल्या नोकरीत पगारापेक्षा अनुभव कुठला मिळणार, हे तिने बघावं.

मुलींचं म्हणाल, तर 2019 पर्यंत स्त्रियांना जमिनीखाली कामाला बंदीच होती. त्या वर्षी जानेवारीत केंद्र सरकारच्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी, स्त्रीची लेखी संमती घेऊन, परवानगी मिळाली. 2021 मध्ये मायनिंग इंजिनिअर आकांक्षा कुमारी झारखंडमधल्या सेंट्रल कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या चुरी भूमिगत खाणीत रुजू झाल्या. म्हणजे वाट खुली आहे, पण नवी आहे. खाली स्वच्छतागृहापासून शिफ्टपर्यंत बऱ्याच गोष्टी अजून पुरुषांच्या सोयीने मांडलेल्या सापडतील. हे तिला आत्ताच माहीत असू द्या. घाबरवायला नव्हे, ती तयारीने जावी म्हणून.

आणि हो, ही केबिनमधली नोकरी नाही. उकाडा, दमट हवा, पाण्यातली चाल, आणि वर आल्यावर रोजच्या नोंदी. ओव्हरमन आणि सरदार, म्हणजे खाली कामावर देखरेख करणारी अनुभवी माणसं, यांच्याकडून पहिली दोन-तीन वर्षं मान खाली घालून शिकावं लागतं. पदवीचा तोरा तिथे चालत नाही.

सोलापूरच्या आसपास भूमिगत खाण नाही, तेव्हा घर सुटणार हे धरून चाला. राज्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळशाच्या आणि मॉइलच्या मँगनीजच्या भूमिगत खाणी नागपूर, चंद्रपूर, भंडारा पट्ट्यात आहेत. त्यातल्या त्यात आपल्याला जवळची म्हणजे कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातली हट्टीची सोन्याची खाण. नागपूरला शिकली तर खाणी हाताशी राहतील, म्हणून मला तिची निवड योग्य वाटते.

प्रवेश पक्का करण्याआधी कॉलेजात फोन करून दोनच गोष्टी विचारा : प्रशिक्षणाला मुलांना भूमिगत खाणीत किती आठवडे पाठवता, आणि मागच्या तुकडीतल्या मुलीही त्यांच्याबरोबर खाली उतरल्या होत्या का? फोन तुम्ही नका करू, तिला करू द्या.