टॉप पेअर, एक्का किकर, तरी टर्नला सोडायचं?

भावा, तू विचारलेला होल्डेम पोकरचा हात (डाव) परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. प्रत्येकाकडे दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न), शेवटी पाचवा (रिव्हर). तुझ्याकडे इस्पिक एक्का, किलवर राजा. फ्लॉप बदाम राजा, बदाम दश्शी, इस्पिक नव्वी, टर्नला बदाम दुर्री. म्हणजे टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी (टॉप पेअर), सोबत एक्का (किकर). मधे जमलेल्या 21 च्या पॉटमध्ये तू 14 ब्लाइंड लावलेस (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, सगळे आकडे त्यातच), बिग ब्लाइंडवाल्याने वाढवून 45 केले (रेझ), तू उरलेले सगळे ढकललेस आणि समोर निघाली बदामाची अठ्ठी-सत्ती, म्हणजे पाच बदामांचा फ्लश. विचारतोयस नशीब फुटकं की चूक माझी? चूक तुझी, पण फ्लॉपवर नाही.

फ्लॉपला बेट हवीच होती, ड्रॉवाल्याला (ज्याचा हात अजून एका पत्त्यासाठी अडलाय त्याला) फुकट पत्ता कशाला दाखवायचा. फक्त हे बघ की त्याला फ्लशचे 9 आणि सीक्वेन्सचे 6 असे 15 पत्ते चालत होते, म्हणजे तुझी "मोठी" जोडी असतानाही तोच किंचित पुढे होता!

आता टर्नचा रेझ. तुला हरवणारे हात मोज: सीक्वेन्स लागलेला राणी-गुलाम 16 प्रकारे येतो, दश्शी आणि नव्वीचे सेट (एकाच आकड्याचे तीन पत्ते) 3-3, राजा-दश्शी 6, वर बदामाचे सगळे फ्लश. यातल्या राजा-दश्शीला तू रिव्हरला एक्का आणून हरवू शकतोस (3 पत्ते), बाकीच्यांसमोर तुला एकही पत्ता वाचवत नाही. त्याच्या 45 शी बरोबरी करायला (कॉल) 31 भरून 111 चा पॉट, 28 टक्के जिंकलो तरी पुरे, हे गणित ऐकायला गोड आहे पण मागे अजून 46 राहतात आणि ते रिव्हरला मागितले जाणारच. हाच बोर्ड राजा-सत्ती-दुर्री रेनबो (तिन्ही वेगळ्या चिन्हांचे) असता तर भीती मुख्यतः सेटची, ते सगळे मिळून 7 प्रकार, तिथे मीही इतक्या सहज सोडला नसता.

मला वाटतं आपल्याला जोडीला कवटाळायचा हा रोग तीन पत्तीतून लागतो. गणपतीच्या जागरणात जोडी आली की आपण छाती काढून बसतो आणि ते बरोबरच आहे, तीन पत्त्यांत जोडी जेमतेम 17 टक्के वेळा येते, 74 टक्के वेळा तर नुसता वरचा पत्ता असतो. होल्डेममध्ये सात पत्ते, तिथे काहीच न लागणं 17 टक्के आणि एक जोडी 44 टक्के. गोव्यात मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर मी हे शिकलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि परतीच्या बसपुरतेच पैसे उरले होते, असो.

तू त्याच्यानंतर बोलत होतास, मग त्याने चेक (पैसे न लावता पुढे सरकणं) केल्यावर टर्नला तूही चेक करायचास, रिव्हरला छोटी बेट आली तर बघून घ्यायची. हातात बदाम एक्का असता तर गोष्ट वेगळी, त्याचा फ्लश लागलेला असला तरी तुला 7 पत्ते उरतात आणि सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडे नाही हे नक्की असतं. समोरचा रात्रभर ब्लफ मारणारा असता तरी मी कॉलचा विचार केला असता. पण तूच लिहिलंयस ना, दोन तासांत त्याचा तो पहिला रेझ होता म्हणून?