ऊन पडलं म्हणजे बर्फ बसला असं नाही

प्रश्न : आम्ही पाच मित्र जानेवारीअखेर मनालीला जाणार आहोत. सोलंगच्या वर, मळलेली वाट सोडून दोन दिवस बर्फातून चालायचा बेत आहे. हवा स्वच्छ असेल तेव्हाच निघू, वर आरडाओरडा करणार नाही, आधीच्या लोकांच्या पावलांवरूनच जाऊ. एवढी काळजी पुरे ना?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : पुरे नाही. पण निघायच्या आधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत. फौजेतली माझी बरीचशी नोकरी काश्मीरच्या बर्फात गेली, आता अंबाजोगाईला असतो. आपल्याकडची पोरं हिमालयात जातात याचा मला आनंदच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आवाजाचं आधी मिटवू. ओरडल्याने हिमस्खलन होत नाही, वजनाने होतं. आणि हौसेने गेलेल्यांच्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा ते वजन सापडलेल्याचं स्वतःचं, नाहीतर त्याच्या सोबत्याचं असतं.

आता स्वच्छ हवेचं. धोका आजच्या आभाळात नसतो, खालच्या थरात असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो, मग निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री जातात. जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरचा पृष्ठभाग उणे पंधरा. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते आणि तळातल्या बर्फाचे टोकदार, सुटे कण होतात. गस्तीआधी आम्ही उतारावर खड्डा खणून बघायचो. वरचा थर वाऱ्याने इतका दाबलेला असायचा, की हातमोज्यातलं बोट आत शिरायचं नाही. तळाचा बर्फ मात्र मुठीत कितीही आवळला तरी गोळा होत नसे, बोटांतून गळून जाई. खळ्यावर पसरलेल्या ज्वारीवर फळी टाकून पाय ठेवला तर काय होईल, तसंच तिथं होतं. नवीन बर्फ पडून गेल्यावरचा पहिला लख्ख दिवस म्हणूनच घातकी : वरचं ओझं ताजं असतं आणि माणूस उन्हाला भुलतो.

पावलांच्या खुणांवर तर मुळीच विसंबू नका. चौघे जाड थरावरून पार होतात, पाचव्याचा पाय पातळ जागी पडतो आणि सगळा उतार सुटतो.

बघायचं ते उताराकडे. थराथराने सुटणारी बहुतेक स्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. हा कोन मोबाइलवर मोजता येतो. काठी उतारावर वरून खाली, उताराच्या दिशेने ठेवून तिच्यावर फोन टेकवा. तुम्ही स्वतः सपाटीवर असलात तरी डोक्यावर असा उतार असेल तर तिथं थांबू नका, तंबू तर नकोच. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, पावलापासून भेग पळाली किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर आल्या वाटेने परत. त्यावर चर्चा नको. डीआरडीओची ‘डीजीआरई’ ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते निघायच्या दिवशी सकाळी बघा.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यात गेल्या. इतक्या तयारीच्या माणसांवर ही वेळ येते. तुम्ही पहिल्यांदाच जाताय, तर तीस अंशांच्या आतच राहा. तिथंही चालायला भरपूर बर्फ आहे.

प्रश्न : मुलगा म्हणतो, फोनला रेंज असते, काही झालं तर हेलिकॉप्टर येईल. खरं आहे का?
– एक आई, परभणी

उत्तर : ताई, हेलिकॉप्टर येईल, पण वेळेत येणार नाही. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुतेकदा वाचतो, पुढे आशा झपाट्याने कमी होते. म्हणजे काढणार ते सोबतचेच. स्खलन थांबलं की बर्फ इतका घट्ट होतो की हाताने उकरता येत नाही. प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात : अंगावर बांधलेला, चालू केलेला ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून संदेश सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), बर्फात खुपसून शोधायची लांब घडीची सळई आणि धातूचं फावडं. पाचांत एक संच असेल आणि नेमका तोच माणूस गाडला गेला, तर बाकीचे काय करणार? ट्रान्सीव्हरने शोधायचा सराव आधी गावातच, मैदानात पोत्यात लपवून करता येतो. मुलाला गाइडला फोन लावायला सांगा आणि तुमच्यासमोर विचारू द्या, की हे तिन्ही किती जणांसाठी आहेत. ‘गरज पडत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा गाइड बघा.