मेडिकलला जायचंय, मग मेजर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लेक ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्याच एका सरकारी विद्यापीठात जाणार, पुढे एमडी (अमेरिकेत डॉक्टर होण्याची मूळ पदवी) करायचं तिनं मनाशी पक्कं केलंय, आणि मेजरवरून, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयावरून, घरात तीन मतं आहेत. बाबांना बायोमेडिकल इंजिनिअरिंग हवंय, म्हणजे मेडिकल नाही जमलं तरी हाताला नोकरी राहील. मावशी म्हणते, बायोलॉजी नसेल तर मेडिकलवाले दारात उभं करणार नाहीत. लेकीला स्वतःला केमिस्ट्री आवडते, पण मोकळ्या वेळात वाचत बसते ती सायकॉलॉजी. पुण्यात बीएस्सी करणाऱ्या भाच्याचंही तुम्ही विचारलंय, त्याचं शेवटी लिहिते. मी इथल्या एका विद्यापीठात बरीच वर्षं ऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकवते आणि मेडिकलला अर्ज करणाऱ्या मुलांसाठी जी समिती असते तिच्यावरही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मावशींच्या मताबद्दल. अमेरिकेत प्री-मेड नावाची वेगळी पदवी नसते आणि मेडिकल कॉलेजं अमुकच मेजर हवा असं म्हणत नाहीत. त्यांना हवे असतात ते ठरावीक कोर्स: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक आणि फिजिक्स साधारण एकेक वर्ष, लॅबसकट, एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, थोडं इंग्रजी लेखन, आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स. कॉलेजागणिक थोडा फरक असतो. हे कोर्स झाले की बाकीची पदवी इतिहासाची असली तरी चालते. अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं बायोलॉजिकल सायन्सेसची असतात, म्हणून प्रवेश मिळालेल्यांतही तीच जास्त दिसतात आणि गैरसमज पक्का होतो. एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी मेजरनुसार आकडे प्रसिद्ध करते. त्यात ह्युमॅनिटीज, गणित किंवा फिजिकल सायन्सेसच्या मुलांचं प्रवेशाचं प्रमाण बायोलॉजीवाल्यांपेक्षा कमी नसतं, थोडं वरच असतं. याचा अर्थ फिलॉसॉफी घेतली की जागा मिळते असा मात्र काढू नका. ती मुलं संख्येनं थोडी असतात आणि आवडीनं त्या विषयाकडे गेलेली असतात.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या मेडिकल कॉलेजानं तर १९८७ पासून ह्युमॅनिटीजच्या मुलांना कॉलेजच्या मधल्या वर्षांतच निवडून ऑर्गॅनिक, फिजिक्स आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा माफ करायला सुरुवात केली. त्या मुलांचा मेडिकल कॉलेजातला अभ्यास बाकीच्यांच्या तोडीचा होता, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा मावशींना निश्चिंत राहायला सांगा.

मग मेजरनं काही फरक पडत नाही का? पडतो, आणि तो तीन ठिकाणी: जीपीए (ग्रेडची सरासरी; ए म्हणजे ४, बी ३, सी २), शिफारसपत्रं, आणि मेडिकल नाही झालं तर काय हा प्रश्न.

जीपीएचं गणित एकदा कागदावर मांडून पाहा. समजा पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्री, बायोलॉजी आणि कॅल्क्युलस असे चार-चार क्रेडिटचे तीन कोर्स घेतले आणि तीन क्रेडिटचा लेखनाचा. बायोलॉजीत ए, लेखनात ए, कॅल्क्युलसमध्ये बी आणि केमिस्ट्रीत सी आली. एकूण जीपीए झाला ३.२. पण अर्ज ज्या केंद्रीय सेवेतून जातो ती एएमकॅस बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढते, आणि तो भरला ३.०. एमडीला प्रवेश मिळालेल्या मुलांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.७५ च्या वर असतो. हा ३.० नुसता ३.७ वर न्यायचा तरी पुढचे २८ क्रेडिट, म्हणजे सायन्सचे सात मोठे कोर्स, एकही बी न येता सलग ए मिळवावे लागतात. कोर्स पुन्हा घेतला तरी पहिली सी पुसली जात नाही, एएमकॅस दोन्ही धरते. हायस्कूलला सगळीकडे ए मिळवलेल्या आपल्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला किती पटकन हा फटका बसतो ते मी दर डिसेंबरला बघते, आणि खरंच जीव तुटतो, कारण मुलं हुशार असतात. चुकलेलं असतं ते वेळापत्रक.

म्हणून माझं सांगणं असं की आत्ता मेजर ठरवायची घाई करू नका, पहिल्या सेमिस्टरचे कोर्स ठरवा. बायोलॉजी, केमिस्ट्री, न्यूरोसायन्स, सायकॉलॉजी यांपैकी काहीही घ्यायचं असलं तरी मेडिकलच्या दृष्टीनं पहिलं वर्ष जवळपास सारखंच जातं. केमिस्ट्री आणि गणित, बरोबर सायकॉलॉजी व लेखनाचा कोर्स, एवढं पहिल्या सेमिस्टरला भरपूर झालं, बायोलॉजी दुसऱ्या सेमिस्टरला. केमिस्ट्रीत एपीचे (हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे) क्रेडिट मिळाले असतील तर ते वापरून थेट ऑर्गॅनिकला बसायचा मोह होतो. पण बरीच मेडिकल कॉलेजं एपी मान्य करत नाहीत किंवा त्याच्या बदल्यात वरचा कोर्स मागतात. लेक विद्यापीठात अजून रुळलेली नसताना ऑर्गॅनिक नको, हे मी तो कोर्स शिकवणारी म्हणून सांगते.

या सगळ्याला अपवाद एकच, तो इंजिनिअरिंगचा. तिथे बहुतेक विद्यापीठांत पहिल्या दिवसापासूनच शिरावं लागतं, नंतर बाहेर पडणं सोपं आणि आत येणं अवघड. बाबांची काळजी अगदी रास्त आहे. दरवर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना त्या वर्षी एकाही एमडी कॉलेजात जागा मिळत नाही, त्यामुळे दुसरा रस्ता हवाच. पण तिला यंत्रं, सर्किट, गणिती मॉडेल यांत रस नसेल तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग हा तो रस्ता नव्हे. क्रेडिट जास्त, वेळापत्रकात हलायला जागा नाही, ऑर्गॅनिक आणि बायोकेमिस्ट्री बहुतेक वेळा वरून जोडावी लागतात, आणि इंजिनिअरिंगचे कोर्स त्या सायन्स जीपीएत धरलेच जात नाहीत. शिवाय नुसत्या त्या पदवीवर नोकरी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलइतकी सहज लागत नाही, बरीच मुलं मास्टर्सकडे वळतात. ज्यांना इंजिनिअरिंग मनापासून आवडतं अशी मुलं ते करून उत्तम डॉक्टर होतात. तुमच्या पत्रात मात्र ते बाबांना आवडतं असं दिसतंय, लेकीला आवडतं असं कुठेच नाही.

आता शिफारसपत्रं. बहुतेक कॉलेजं सायन्सच्या दोन प्राध्यापकांची पत्रं मागतात. माझ्या ऑर्गॅनिकच्या वर्गात तीनशे मुलं असतात. त्यातला कोणी ए घेऊन पत्र मागायला आला की मी काय लिहिणार? गुण लिहीन, वर्गात कितवा ते लिहीन, आणि पान रिकामं राहील. उलट वरच्या वर्षाच्या छोट्या लॅबमधल्या एका विद्यार्थिनीचं पत्र मी एका बैठकीत लिहिलं. तिची ग्रिन्यार्ड अभिक्रिया फसली होती, टीएलसी प्लेटवर (मिश्रणात काय काय आहे ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर) सुरुवातीला घेतलेल्या कीटोनचा ठिपका जसाच्या तसा. तिनं वहीत ‘प्रॉडक्ट नाही’ असं स्वच्छ लिहिलं, ईथरमध्ये ओलावा गेला असेल असा तर्क मांडला, फ्लास्क पुन्हा ओव्हनमध्ये वाळवायला ठेवला आणि सगळं नव्यानं लावलं. मेडिकल कॉलेजांना माणसाबद्दल हेच जाणून घ्यायचं असतं. मोठ्या विद्यापीठात बायोलॉजी हा बहुतेक वेळा गर्दीचा विभाग असतो. केमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स यांचे वरचे वर्ग लहान असतात आणि शिक्षक नावानं ओळखतात. बायोलॉजी घेतली तरी हरकत काहीच नाही, फक्त दुसऱ्या वर्षापर्यंत एखाद्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये काम मिळवायचं.

आता तुमच्या लेकीचं. सायकॉलॉजी मेजर चालेल का? चालेल, पण एक हिशोब ध्यानात ठेवून. एएमकॅस सायकॉलॉजीला सायन्स जीपीएत धरत नाही. म्हणजे तो जीपीए जवळपास फक्त मेडिकलसाठी लागणाऱ्या कोर्सवर उभा राहणार आणि त्यातल्या एकेका ग्रेडचं वजन वाढणार. न्यूरोसायन्स मात्र बायोलॉजीत मोजतात आणि बायोकेमिस्ट्री केमिस्ट्रीत. दोन्ही आवडी एकाच ठिकाणी जुळवायच्या तर न्यूरोसायन्स मला सगळ्यात सोयीचं वाटतं. तुमच्या विद्यापीठात तो मेजर नसेल तर केमिस्ट्री मेजर आणि सायकॉलॉजी मायनर, म्हणजे दुय्यम विषय. केमिस्ट्रीची पदवी हातात असली की औषध कंपन्यांच्या लॅब, फार्मसी, मास्टर्स, पीएचडी असे रस्ते उघडे राहतात, आणि न्यू जर्सीत औषध कंपन्यांची वानवा नाही. बाबांच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे.

सायकॉलॉजीचं वाचन एमकॅटलाही कामी येतं. २०१५ पासून त्या परीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, २३० पैकी ५९ प्रश्नांचा. दुसऱ्या एका विभागात, ज्याला मुलं कार्स म्हणतात, ५३ प्रश्न असतात आणि ते ह्युमॅनिटीज व समाजशास्त्रांतल्या उताऱ्यांवर. तिथे पाठांतर चालत नाही, चार वर्षं नुसती सायन्सची पुस्तकं वाचलेली मुलं तिथेच अडतात. गुण ४७२ ते ५२८ मध्ये मिळतात आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. परीक्षा आयुष्यात सात वेळाच देता येते आणि प्रत्येक प्रयत्न कॉलेजांना दिसतो, म्हणून ‘बघू देऊन एकदा’ हा विचार नको.

पदवी संपताच ऑगस्टमध्ये मेडिकलला जायचं असेल तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे-जूनमध्ये अर्ज करावा लागतो, म्हणजे त्याआधी सगळे मुख्य कोर्स आणि एमकॅट उरकायचे. आता प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं मध्ये एखादं वर्ष तरी लॅबमध्ये किंवा दवाखान्यात काम करून येतात. आपल्याकडे त्याला ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतात, पण तसं काही नसतं. ती एक वर्ष थांबायला तयार असेल तर कोर्स सुटे सुटे घेता येतील आणि वरचं सगळं ओझं निम्मं होईल. घरात हे आत्ताच बोलून ठेवा.

भाच्याबद्दल स्पष्टच लिहिते. बहुतेक अमेरिकन एमडी कॉलेजं विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांचे अर्ज घेत नाहीत, आणि जी घेतात त्यांतली बरीच किमान एक-दोन वर्षं अमेरिकन कॉलेजात झालेला अभ्यास मागतात. पुण्याचे गुण एएमकॅस स्वतः काढते त्या जीपीएत धरत नाही. त्याला डॉक्टरच व्हायचं असेल तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन तिथेच एमबीबीएस करावं आणि मग यूएसएमएलई ही अमेरिकेतली डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा देऊन रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणाला, इकडे यावं. मराठी घरांतले कितीतरी डॉक्टर त्याच वाटेनं आलेत. त्यासाठी बीएस्सीचा मेजर कोणता याला काही महत्त्व नाही.

ओरिएंटेशनच्या दिवशी बहुधा तिथेच फॉलचे, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचे, कोर्स नोंदवून घेतात आणि ॲडव्हायजरबरोबर जेमतेम वीस मिनिटं मिळतात. आदल्या रात्री तिनं विद्यापीठाचा कॅटलॉग काढून कोर्सची दोन वेळापत्रकं लिहून न्यावीत. ॲडव्हायजरला तीन गोष्टी विचाराव्यात: प्री-हेल्थ समिती (मेडिकलला अर्ज करणाऱ्यांसाठीची) पत्र देते का आणि त्यासाठी अट काय, न्यूरोसायन्समध्ये जागा मर्यादित आहेत का, आणि मेजर कधीपर्यंत जाहीर करावा लागतो. हे तिनंच विचारावं, तुम्ही दोघं बाहेर थांबा. उत्तरं मिळाली की इथे लिहा, पहिल्या दोन वर्षांचं वेळापत्रक मी तिच्याबरोबर बसून बघीन.