पहिल्यांदाच मुंबईच्या फोर्ट भागातल्या इमारती बघायला निघताय?

पहिल्याच फेरीत अख्खा फोर्ट उरकायचा घाट घालू नका. सीएसएमटी स्टेशन आणि समोरची महापालिका, एवढंच धरा. दोन्ही वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या; स्टेशनाचं काम १८७८ ला सुरू झालं, पालिकेची इमारत १८९३ ला पूर्ण झाली. पालिकेत शनिवार-रविवारी आतून दाखवणारी सफर सुरू झाली आहे. नोंदणी आधी करा, ओळखपत्र जवळ ठेवा.

स्टेशनाच्या फाटकाशी मात्र घाई नको. एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ: सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. मग भिंतींवरची दगडी पानं, पक्षी, प्राणी बघा. छोटी दुर्बीण असेल तर फारच छान. या नक्षीकामात जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आणि तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जे.जे. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर. वार्षिक प्रदर्शन लागलं की नक्की जा. चित्राशेजारी मुलं उभी असतात. रंग कोणता, दगड कुठला, बिनधास्त विचारा. मनापासून सांगतात.

काळा घोडा कला महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत. रविवारी संध्याकाळी नुसती गर्दी बघून परत याल, म्हणून मधल्या वारी, दुपारच्या आत गाठा. डेव्हिड ससून लायब्ररीमागची बाग चुकवू नका. जहांगीर कलादालन तर वर्षभर विनामूल्य आहे, ते महोत्सवासाठी राखून ठेवायची गरज नाही.