वारसा यादीतलं घर

प्रश्न : आजोबांचं घर वारसा यादीत गेलं. आता मजले चढवता येत नाहीत. नुकसान कोण भरून देणार?

उत्तर : काही शहरांत न वापरलेला बांधकामहक्क दुसऱ्या भूखंडासाठी विकता येतो. हाच टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. न्यूयॉर्कच्या वारसा यादीतल्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर टॉवर बांधायला शहराने परवानगी नाकारली, मालक कोर्टात गेले आणि १९७८ मध्ये हरले. असे विकता येणारे हक्क मालकांच्या हाती आहेत, हे कोर्टाने जमेस धरलं. अमेरिकेत पात्र दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के करसवलतही आहे, पण उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच. स्वतः राहणाऱ्याला ती नाही, हे मला आजही खटकतं.

भरपाईचं काही ठरेपर्यंत छपराची गळती थांबवा. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र नको, ओल आत कोंडते. ही चूक मीच एकदा केली. तिसऱ्या पावसाळ्यात भिंत फुगली.