पावसातल्या पहिल्या स्टॉलआधी

श्रावणातल्या प्रदर्शनात हाताने बांधलेल्या वह्या मांडणार म्हणालीस, फार बरं वाटलं. माल आहेच तुझ्याकडे, आता पावसाचं बघ.

मुंबईच्या पावसात कागद पाण्याने भिजतो त्याहून जास्त दमट हवेने बिघडतो. मी पहिल्यांदा पार्ल्यात स्टॉल लावला तेव्हा एक थेंबही आत आला नाही, तरी संध्याकाळपर्यंत पुठ्ठे धनुष्यासारखे वाकले होते. चूक माझीच. आदल्या रात्री चिकटवलेल्या वह्या दाबाखाली पुरत्या वाळल्याच नव्हत्या. तू निदान तीन-चार दिवस तरी दे. पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावलंस की आतून अस्तराचा कागदही लाव, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो. मैद्याची खळ वापरत असशील तर बुरशी धरेल. जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे, पण ते विषारी. घरात लहान मूल आहे, तू फेविकॉलच वापर.

स्टॉलवर सगळा माल मांडू नकोस. दहा-बारा वह्या बाहेर, बाकीच्या झाकणाच्या डब्यात. डबे जमिनीवर नकोत, विटांवर ठेव. ताडपत्रीला मागच्या बाजूला उतार दे, नाहीतर मध्ये साचलेलं पाणी नेमकं गिऱ्हाईकाच्या अंगावर येतं.

कागद आणायला एकदा माझ्याबरोबर अब्दुल रहमान स्ट्रीटला चल. क्रॉफर्ड मार्केटच्या जवळच आहे. मंगळदास मार्केटमधून कव्हरसाठी सुती कापडही घेऊ. कागद बोटांनी चाचपून घ्यायचा, त्याच्या धाग्याची दिशा, म्हणजे कागदातले तंतू कुठल्या बाजूला धावतात ते, ओळखायची. ते तिथेच उभं राहून शिकवते तुला.