भौतिकशास्त्र नव्याने शिकताय? आधी एवढंच करा

सूत्रं पाठ करायची घाई नको. सुरुवातीला बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: वस्तू ज्या दिशेने चाललीय, त्या दिशेने बल असणारच, असं वाटतं. चेंडू सरळ वर फेका. हातातून सुटला की हाताचं बल संपलं; हवेचा विरोध सोडला तर उरतं फक्त गुरुत्वाकर्षण, तेही खाली. अगदी वरच्या टोकाला वेग शून्य, पण त्वरण (वेग बदलण्याचा दर) तेव्हाही ९.८ मी/से², खालीच. हे पटेपर्यंत पुढे जाऊ नका, खरंच.

मग या दोन सवयी लावून घ्या:

- गणिताआधी आकृती. वस्तूवरची बलं बाणांनी दाखवा आणि प्रत्येक बाणाला विचारा, हे बल कोण लावतंय? उत्तर नसेल तर बाण खोडा.
- एकक लिहा. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वजन (म्हणजे वस्तूवरचं गुरुत्वाकर्षणाचं बल) न्यूटनमध्ये. निम्मे मार्क इथेच जातात.

ऊर्जा त्यानंतर. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा (गतीमुळे वस्तूत असलेली ऊर्जा) चौपट. म्हणून ताशी ८०च्या गाडीला ब्रेक दाबल्यावर ४०च्या मानाने साधारण चौपट अंतर लागतं.

प्रारण (रेडिएशन) सध्या राहू द्या. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेली भाजी किरणोत्सारी होत नाही, एवढं घरच्यांना सांगता आलं तरी तूर्त पुरे.